नाकापाशी धरलेला कापूस

मेहकर, पौष शुद्ध पंचमी, शके १८४१

तीर्थरूप कडूबादादाले धाकट्या शालिग्रामचा दंडवत.

गेल्या साली मानमोडीच्या तापानं धरलेली माही छाती आता मोकळी झाली, हे माईले आधी सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

इथले योगाचे महाराज आसनं कमी अन् ध्यान जास्त शिकवतात. जेवाचं तं घासाकडे मन, चालाचं तं पावलाकडे. बाकी सारं श्वासावर.

काल ते डोळे मिटून बसले अन् नाकापाशी मले कापूस धराले लावला. लय वेळ कापूस हललाच नाही. मी घाबरून ओरडलो, तसे ते हासले. म्हणे, "जित्ता आहो ना बे! श्वास बारीक झाला का कापसाले समजत नाही."

दादा, आपली एकच बहीण गोजर. त्या तापात तिच्या नाकापाशी कापूस मीच धरला होता. हलला नाही म्हणून "गेली" असं मीच म्हटलं, अन् तुमी लाकडं रचली.

महाराज म्हणतात, मनात येईल ते येऊ दे, नुसतं पाहत राय. मी पाहूनच राह्यलो.

हे माईले वाचून दाखवू नका. मले एवढंच लिहा. गोजरले उचलताना पाय तुमी धरले होते. ते थंड होते ना?

तुमचाच,
शालिग्राम