लालीबाईनं वळलेला दोर

घाटंजीजवळून,
ता. ९ मे १९५९

प्रिय दादा,

रुखमाचा जयभीम. घरी सारे बरे आहेत. माझ्या पोराला, डोमाला, कापसाच्या जिनिंगात काम लागलं आहे.

परवा सकाळी मी अंगण सारवलं, चुलीतली राख काढली, ज्वारीचं पीठ चाळलं आणि घागर घेऊन आपल्या विहिरीवर गेले. दीक्षेनंतर आपल्या वस्तीनं खणली ती विहीर. पहिली कुदळ ह्यांनी मारली होती. पाणी लागलेलं पाहायला मात्र ते राहिले नाहीत. तिथं गेले की रोज आठवण येते.

मांगवाड्यातली लालीबाई मडकं घेऊन आली होती. त्यांचा नाल्यातला झिरा आटला. तिनं दोराला हात घातला, तशी पाणी शेंदणारी पोरगी ओरडली, "ए लाली, दूर हो! मडकं खाली ठेव, मी वरून ओततो."

लालीबाई हसली. "दोर वळताना माहेच हात चालले ना, बाई? आता त्यायले काय झालं?"

"लय बोलतं तोंड तुहं. पाणी पाह्यजे का नाही?"

लालीबाईनं मडकं खाली ठेवलं आणि मागे सरली. वरून पाणी पडलं, अर्धं मातीत गेलं. अन् दादा, ती धार पाहून माझेच पाय दोन पावलं मागे सरकले. गावच्या विहिरीवर लहानपणी सरकत होते तसेच. घागर रिकामी घेऊन मी घरी आले.

अन्याय हा शब्द मला ह्यांनी सांगितला. त्याआधी आपण नशीब म्हणत होतो. माय म्हणायची, मागल्या जन्माचं पाप. अक्षरं जुळवून वाचायला शिकले, तेव्हा उमगलं की अन्याय कोणीतरी आपल्या हातानं करतो. पण तो हात आपल्या घरचा असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

ती पोरगी कोण, हे लिहायचं टाळत होते. ती नलू. तुझी लेक, माझी सून.

घरी मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आत्या, एवढ्या कष्टानं विहीर झाली. कायले बाटवू द्याची?"

"आपण दीक्षा घेतली ना, माय?"

"आपण घेतली. त्यायनं कुठी घेतली?"

रोज पाच शीलं म्हणते, त्यांत हे शोधत बसले. नलूनं कोणाला मारलं नव्हतं, खोटंही बोलली नव्हती. दुसऱ्या शीलाशी थांबले, न दिलेलं घेऊ नये. लालीबाईचा मान घेतला गेला, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी तिथं उभी होते अन् गप्प होते.

नलूवर रागावू नकोस. वरून कसं ओततात हे तिनं आपल्याच मडक्यांवर पाहिलं आहे.

काल सकाळी मी लालीबाईला घरून बोलावून आणलं. विहिरीवर सगळ्यांदेखत दोर तिच्या हातात दिला. तिनं पाणी शेंदलं, आधी तिचं मडकं भरलं, मग माझी घागर. त्या पाण्यात मी वरण शिजवलं आणि नलूच्या ताटात वाढलं.

तुझी बहीण, नलूची आत्या,
रुखमा