ती ब्रेकची नळी माझ्याकडेच आहे

प्रिय दत्ता,

मोडीत निघालेल्या जीपच्या चासीवर बांधलेली आंब्याच्या पेट्यांची गाडी, मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यातला पंप, ट्रकच्या स्प्रिंगपाट्यांतून काढलेली अर्धी हत्यारं आणि तुझ्या टॅक्सीवरचं कॅरिअर. हे सगळं मी या हातांनी केलं. शाळा सातवीला सुटली, बाकीचं गाड्या उघडून शिकलो. तुला हे ठाऊकच आहे, पण उद्या कोर्टात गाडी बनवणाऱ्या कंपनीचा वकील मला विचारणार, तुम्हाला गाडीतलं काय कळतं? म्हणून आज तुझ्याशी बोलून घेतो.

वहिनींनी दावा लावला आहे. कंपनी म्हणते, चालकाचा निष्काळजीपणा. तुझा निष्काळजीपणा! पायरीवर चिखल दिसला तर गिऱ्हाइकाला उतरवून पाय पुसायला लावणारा माणूस तू.

पेपरात छापून आलं, ब्रेक न लावल्याने गाडी दरीत. दोन्ही चूक. गोळपच्या उतारावर तू गाडी दरीपासून वळवून उजव्या हाताच्या जांभ्याच्या दरडीवर घातलीस. आपली बाजू दगडाला दिलीस आणि जागीच गेलास. मागचे तिघे आज हिंडतायत फिरतायत. हातब्रेकचा दांडा वर ओढलेला होता, मी स्वतः पाहिला. माणूस याहून आणखी काय करणार?

गेलं ते ब्रेकचं तेल. चारही चाकांचं तेल ज्या एका नळीतून जातं, ती क्लिपेखाली गंजून फुटली. त्या क्लिपेत ओला चिखल अडकून बसतो आणि आपल्याकडे चिखलालाही मीठ असतं. इथे खिडक्यांचे गज खारा वारा खातो. जाहिरातीत गाडी डोंगरातून पळते, विकायची मात्र समुद्राकाठी, मग एक उघडी नळी इथे किती टिकेल हे बघायला कुणी आलं होतं का?

तुझ्यावर माझा एक राग आहे, तो सांगूनच टाकतो. गाडी आणलीस त्याच आठवड्यात मी म्हटलं होतं, खालून मुशी माशाचं तेल चोपडू या. खारवी होड्यांना लावतात, मी माझ्या प्रत्येक गाडीला लावतो. तू नाक धरलंस.

"मेल्या, पावसला देवदर्शनाला जाणारी माणसं मी मुशीच्या वासात बसवू? गिऱ्हाईक यायच्या आधी मांजरं येतील."

"चार दिवसांत जातो वास."

"वासाचं सोड रे. गॅरंटीच्या कागदावर छापलंय, खाली परकं काही लावलं तर गॅरंटी बाद. वर्षभर नंबर लावून मिळालेली गाडी आहे, सदा. ज्यांनी बनवली त्यांना कळत नसेल?"

तू माझं ऐकलं नाहीस, कागदाचं ऐकलंस. का रे? पण खरं सांगू, यात तुझी चूक तरी काय? विकत घेणाऱ्याने बनवणाऱ्यावर भरवसा ठेवायचा नाही, तर ठेवायचा कुणावर?

मोटार बनवणाऱ्यांवर माझा राग नाही. नवीन गाडीचं इंजिन इतकं सुरेख आहे की मी ते तासभर नुसतं ऐकत बसलो होतो. चूक कुणाच्याही हातून होते. मी केलेल्या एका कॅरिअरचा सांधा जयगडच्या रस्त्यावर सुटला, तेव्हा बाकीच्या गिऱ्हाइकांच्या दारात जाऊन मी प्रत्येक सांधा पुन्हा जोडून दिला. माझ्याकडे ना कचेरी, ना टायपिस्ट. त्यांच्याकडे दोन्ही आहेत. आणि त्यांनी काय केलं? आता येणाऱ्या गाड्यांत ती नळी वरच्या बाजूने नेली आहे, वर रबर चढवलंय. म्हणजे कळलं होतं. पण आधी विकलेल्या गाड्यांच्या मालकांना एक पोस्टकार्डही नाही.

काल त्यांचा इंजिनिअर मुंबईहून तुझ्या घरी आला, गाडी अंगणातच आहे. माणूस वाईट नाही. गाडीखाली सरपटत गेला, नळी हातात घेऊन बघितली, आणि कपडे झटकत म्हणाला, "तुमचं बरोबर आहे मिस्त्री. पण हे मी लिहून देऊ शकत नाही."

"मग कोण देईल?"

त्याने नळी माझ्या हातात परत दिली आणि हात धुवायला गेला. त्याच्याबरोबरचा सफारीवाला साहेब मात्र बोलका होता. त्याचं बोलणं चाललं असताना वहिनी चहा घेऊन आल्या. तो गेल्यावर एवढंच म्हणाल्या, "भावोजी, पैसे मिळोत न मिळोत. पोरांच्या शाळेत म्हणतात, तुमच्या बापाने माणसं मारली असती. तेवढं पुसा."

पुसतो, दत्ता. हा माझा शब्द. उद्या नळी टेबलावर ठेवीन आणि जे दिसलं तेवढंच सांगीन, एक सूतही वाढवून नाही. आणि खाली निकाल विरुद्ध गेला तर वर जाईन.

तो साहेब काय म्हणाला तेही कळव म्हणशील. नळी भंगारात गेली एवढंच मी कोर्टात सांगायचं. बदल्यात जिल्ह्याचं सर्व्हिस स्टेशन माझ्या नावावर, दारावर कंपनीचा बोर्ड, आणि यंत्रांसाठी रोख चाळीस हजार रुपये. मी नाही म्हटलं.

तुझा,
सदा मिस्त्री