असवल्यांची रायफल आणि माझी साक्ष

मी, तय्यब हुसेन शिकलगार, वय ७९ वर्षे, धंदा बंदूक दुरुस्ती (दोन वर्षांपासून बंद), राहणार जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे मन ठिकाणावर आहे. डाव्या कानाने ऐकू येत नाही, पण तो कान बंदुकीचे बार काढून पाहण्यात गेला आहे. त्याचा अकलेशी संबंध नाही. मला कोणी धाक घातलेला नाही आणि कोणी गोड बोलून बसवलेलेही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर व बँकेतील ठेव. माझी पत्नी शमा २०२१ साली वारली. वारस दोनच, मुलगा झीशान व मुलगी समरीन. शरियतप्रमाणे मुलाचे दोन वाटे व मुलीचा एक. त्यात मी हात घालत नाही. झीशान स्वतःहून म्हणाला आहे, की घर दोघांच्या नावे निम्मे-निम्मे करीन. ते त्याचे बोलणे आहे, माझा हुकूम नव्हे. समरीनने त्याची आठवण करून द्यायला संकोच करू नये.

२. कामाची हत्यारे. यापुढचे माझ्या मालमत्तेच्या एक तृतीयांशात बसते, तेवढे शरियतप्रमाणे मी वारसांबाहेर देऊ शकतो. कानशी, व्हाइस, व्हर्निअर व मी स्वतः घडवलेले अकरा पेचकस माझ्या बहिणीचा मुलगा अरफात याला द्यावेत. तो नारायणगावला लेथ चालवतो. बाजारातला पेचकस जुन्या रायफलीला लावू नये, स्क्रूचे डोके मरते.

३. वह्या. माझ्या सात व माझे वडील हुसेन यांच्या दोन. यात जुन्या शिकारी रायफली कशा ओळखाव्यात ते आहे. याही अरफातला. पुण्याचे एक संग्राहक माझी आठवी वही दोन दिवसांसाठी म्हणून १९९९ साली घेऊन गेले. ते आल्यास त्यांना चहा द्यावा, वह्या दाखवू नयेत.

अरफातसाठी थोडे इथेच लिहितो. लोक आधी नळीवरचे नाव वाचतात. नाव कोणीही कोरून घेऊ शकतो. लाकूड उतरवून नळीखालचे आकडे वाचावेत. बोल्टवरचा नंबर सांगाड्याच्या नंबराशी जुळतो का ते पाहावे. जर्मन घडणीची मॉझर असेल तर बोल्ट मागे ओढून सांगाड्याची डावी भिंत पाहावी. तिथे अंगठ्याएवढी खाच असेल, तर बहुधा ती फौजी रायफल, मागाहून लाकूड कापून शिकारीची केलेली. फौजी माणूस पट्टीतली पाच काडतुसे अंगठ्याने दाबून भरतो, त्यासाठी ती खाच. भिंत अखंड असेल, तर ती कारखान्यातूनच शिकारीसाठी निघाली असण्याचा संभव मोठा. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात. लाकडावरून कधीही ओळख सांगू नये. असे का, ते पुढच्या कलमात आहे.

४. एक रायफल, जी माझी नाही. माझ्याकडे ठेवीत असलेली जुनी मॉझर माझ्या मालमत्तेत धरू नये. ती घोडेगावजवळचे सोपान भागू असवले यांची आहे. हकीकत अशी.

१९९४ साली त्याच भागातले बागायतदार सुभाष गेणभाऊ पडवळ यांची मॉझर रायफल चोरीला गेली. आठ दिवसांनी पोलिसांना सोपान यांच्या घरी एक मॉझर सापडली. वरचा नंबर झिजून गेलेला. सोपान म्हणाले, ही माझ्या वडिलांची, एका इंग्रज साहेबाने देश सोडताना त्यांना दिलेली. त्यांच्या परवान्यावर 'मॉझर, एक' एवढेच होते. सुभाष यांची रायफल १९७९ साली मी दुरुस्त केली होती, लाकडाच्या पुढच्या टोकाला म्हशीच्या शिंगाचा तुकडा बसवला होता. म्हणून मला ठाण्यात बोलावले.

मी रायफल हातात घेतली. टोकाला शिंग होते. सांधा तिरपा, खाली पितळेची एकच खिळी, कडेला कानस उलटी मारलेली. तालुक्यात असे काम दुसरा कोणी करत नव्हता. बोल्ट ओढल्यावर डाव्या भिंतीला खाच दिसली. सुभाष यांच्या रायफलीला ती होती की नव्हती, हे मला आठवत नव्हते. आठवत नाही, असे म्हणायला हवे होते. लाकूड उतरवायला एक तास लागला असता. मी म्हणालो, "हे माझ्या हातचं काम आहे."

सोपान समोर बाकावर बसले होते. ते म्हणाले, "चाचा, नीट बगा. तुमचा हात न्हाई त्यो."

मी न्यायालयातही तेच सांगितले. सोपान यांना चौदा महिने कैद झाली, परवाना गेला. रायफल सुभाष यांना मिळाली.

२००९ साली सुभाष माझ्या दुकानी दोन रायफली घेऊन आले. त्यांचा भाऊ वारला होता आणि त्याच्या शेतघराच्या माळ्यावर, गोणपाटात गुंडाळलेली, त्यांची खरी रायफल निघाली होती. वाटणीच्या भांडणात भावानेच ती लपवली होती. मी दोन्ही उघडल्या. सुभाष यांच्या रायफलीची डावी भिंत अखंड, टोकाला माझे शिंग. दुसरीला खाच, आणि तिचे लाकूड उतरवल्यावर आत बारीक अक्षरात कोरलेले: 'हुसेन, १९५४'. वडिलांच्या वहीत त्या साली नोंद आहे, 'भागू असवले, टोकास शिंग बसविले'. काम मला वडिलांनीच शिकवले. त्यांचा हात मी माझा समजलो होतो.

सुभाष म्हणाले, "झालं ते झालं, तय्यबभाई. आता कशाला उकरायचं? ही तुमच्याकडंच ठेवा." माझी त्यांच्याविषयी तक्रार नाही. तोंड माझे होते. तोवर बाहेरच्या जिल्ह्यांतूनही मला साक्षीला बोलावत, माझी ओळख चुकत नाही असे बोलले जाई. मी रायफल पावती करून ठेवीत घेतली आणि गप्प राहिलो. शमाला मात्र सांगितले. ती दर ईदेला म्हणायची, "जाऊन सांगून या." मी गेलो नाही. २०१३ साली सोपान वारले.

गेल्या महिन्यात मी बसने घोडेगावला गेलो आणि तिथून त्यांच्या घरी. पत्नी सरूबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मुलगी आरती खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या कार्यालयात नोकरीला आहे, ती सुटीवर आली होती. मी वर लिहिले तेवढे सगळे सांगितले. सरूबाईंचे हात थांबले नाहीत. सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, "कवा कळलं तुमाला?"

"दोन हजार नऊला."

"तवा हे व्हते."

मी हो म्हणालो.

पुढची शेंग फोडत त्या म्हणाल्या, "गावात कुणाची कोंबडी गेली तरी आमच्या दारात येऊन बगायचे लोक. ह्यांनी जत्रंला जायाचं सोडलं." रायफल परत देतो म्हटल्यावर म्हणाल्या, "लोखंड घिऊन काय करू? त्येंचं नाव द्या. गावाम्होरं द्या."

म्हणून खालीलप्रमाणे ठरवले आहे.

(अ) सर्व हकीकतीचे प्रतिज्ञापत्र मी घोडेगाव येथे करून आरतीच्या हाती दिले आहे. त्यांनी न्यायालयात वा इतरत्र त्याचा हवा तसा उपयोग करावा.

(आ) रायफल पोलीस ठाण्यात जमा करावी. झीशान वा अरफात यांनी ती घरी नेऊ नये. पावतीवर मालक म्हणून 'सोपान भागू असवले' असेच लिहून घ्यावे, पडवळ किंवा शिकलगार नको.

(इ) असवल्यांच्या गावी येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी उभा राहून पुढील मजकूर वाचणार आहे. तोपर्यंत मी नसलो तर झीशानने वाचावा. त्याने दुसऱ्या कोणाला पाठवू नये, आणि वडील आजारी होते वगैरे सांगू नये. मजकूर: "१९९४ साली मी रायफल ओळखण्यात चुकलो. ती सोपान असवले यांचीच होती. त्यांनी चोरी केली नव्हती. हे मला उशिरा कळले."

५. दफन शमाशेजारी. दगडावर धंदा लिहू नये.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

ठिकाण: जुन्नर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) तय्यब हुसेन शिकलगार

साक्षीदार:
१. (सही) गोरख सीताराम डुंबरे, शेजारी, जुन्नर
२. (सही) आरती सोपान असवले, खोडद

दुरुस्ती: कलम ४ (इ) मधील "हे मला उशिरा कळले" हे शब्द साक्षीदार क्र. २ यांनी सही करण्यापूर्वी हरकत घेतल्यावरून खोडले आहेत. त्या जागी असे वाचावे: "हे मला सोपान हयात असताना कळले होते. मी त्यांना सांगितले नाही." अक्षर आरती यांचे आहे. मला मान्य.

(सही) त. हु. शिकलगार