तानुआत्यांची परत आलेली मनिऑर्डर

अहो,

फोनवर सांगवंना, म्हणून लिहून ठेवते. दौंडच्या तानुआत्यांना धाडलेली मनिऑर्डर परत आली. पोस्टमन हरिबामामा मोबाईलमध्ये बघून म्हनले, "सुलक्षणा, घेणारी बाई वारली म्हून आलंय गं." आधी पावतीवर आत्यांचा अंगठा तरी उमटून यायचा. आता पैशे पोचल्याचा नुसता मेसेज येतो, त्यात माणसाची खुशाली कुठं कळती?

आत्यांनी तुम्हाला लहानाचं मोठं केलं. पण भांडण झाल्यापासून आपण त्यांच्या दारात गेलो न्हाई, पैशे तेवढे धाडत ऱ्हायलो.

मी आपल्या सार्थकला घेऊन दौंडला निघालेय. आमटी-भात झाकून ठेवलाय, दोन घास खाऊन लगेच या. तिथं कुणी विचारलं, इतके दिवस कुठं व्हता, तर मी एकटी काय सांगू?

सुलक्षणा