कबरींची हजेरी

परतवाडा छावणी, ४ मार्च १८६४

पोचलो एकदाचा! अमरावतीहून इथवर रस्ताभर कापसाच्या गाड्या. बाभळींच्या काट्यांनाही कापूस अडकलेला. अमेरिकेत लढाई काय लागली, वऱ्हाडात जो तो गाडीवान झाला आहे. चर्चच्या आवारात मला दोन खोल्या दिल्या आहेत. पुढं ओसरी, मग कडुनिंब, पलीकडं कबरस्तान. नगरच्या मिशनशाळेत साठ पोरांच्या कलकलाटात वर्षं काढल्यावर ही शांतता म्हणजे सुखच!

काम सोपं आहे. दफनांची जुनी वही वाळवीनं खाल्ली. कबरींवरचे दगड वाचायचे, उरल्यासुरल्या पानांशी ताडून पाहायचे आणि नवी वही करायची. पाद्रीसाहेब ईस्टरला कामठीहून येतील, तोवर ती तयार हवी.

९ मार्च

एकशे बारा दगड. पहिली ओळ ओसरीपासून चाळीस पावलांवर. बहुतेक विशीतले शिपाई, तापानं नाहीतर पटकीनं गेलेले. एक लहानसा दगड मार्गारेटचा, वय वर्षं चार. तिचे आईबाप पुढच्याच महिन्यात विलायतेला परतले, अशी नोंद आहे. एक रूथ नावाची आया, आपल्याकडचीच. तिच्या नावापुढं ना बापाचं नाव, ना गाव.

मला इथं कोणी पाणीसुद्धा विचारत नाही. गावाला मी बाटगा, गोऱ्यांना काळा. म्हणून दगड मोठ्यानं वाचतो. तेवढाच माणसाचा आवाज कानी पडतो.

१५ मार्च

शेजारच्या मळ्यातला गोवर्धन माळी कुंपणावरून वांगी देतो. आज म्हणाला, "मास्तर, नावं मोठ्यानं काहून घेता जी? हाक मारली का माणूस ओ देतेच."

मी हसलो. त्याची बायको मनकर्णाबाई हसली नाही. या लोकांना कितीक वर्षांत कोणी नावानं बोलावलेलं नाही, असं ती म्हणाली.

२१ मार्च

मोजणीत चूक झाली असावी. पहिली ओळ एकतीस पावलांवर भरते. गोवर्धनला विचारलं. काळी माती उन्हानं भेगाळते, दगड सरकतात, म्हणाला. पण बोलताना माझ्याकडं पाहिलं नाही.

२४ मार्च

माती सरकली तर दगड कलतील, पडतील. हे ताठ उभे आहेत. आलो तेव्हा अक्षरांची बाजू पूर्वेला होती. आता सगळे ओसरीकडं तोंड करून आहेत.

एकोणीस पावलं.

२७ मार्च, ईस्टर

पाद्रीसाहेब आले नाहीत. चिठ्ठी आली, की गाडी मिळत नाही, सगळ्या कापसावर गेल्या. एकट्यानंच प्रार्थना म्हटली. शेवटी 'आमेन' म्हणालो, तर बाहेर भर उन्हात पुष्कळ जणांनी —

वारा असेल.

२९ मार्च

गोवर्धन बायकोला घेऊन एलिचपुरात भावाकडं गेला. मलाही चला म्हणाला. वही पुरी व्हायची आहे, असं मी सांगितलं. चुकलं माझं. मार्गारेटचा दगड ओसरीच्या पायरीशी आहे. मागं मातीत ओढल्याची खूणसुद्धा नाही.

पायरीवर कडुनिंबाचा मोहोर ठेवला. काय करणार, चार वर्षांची पोर —

३१ मार्च

सकाळी निघणार होतो. दार उघडत नाही. फटीतून पाहिलं — दगड. दाराला टेकून. खिडकीला गज, आणि गजांपलीकडं नावं, नुसती नावं. रस्त्यावर बैलांच्या घुंगुरमाळा ऐकू येतात. घसा फुटेस्तोवर ओरडलो. एकही गाडी थांबली नाही.

१ एप्रिल

पाणी संपलं. नवी वही फाडून टाकली. उपयोग नाही. त्यांना वही नकोच होती —

दुपार

बाहेरून हाक आली. "बारकू."

हे नाव फक्त आई घ्यायची. माझा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी तिनं दार लावून घेतलं, ते मरेपर्यंत उघडलं नाही. त्यानंतर कोणीच —

पुन्हा हाक. किती मायेनं —

ओ देऊ नये. कळतं मला. पण इतक्या वर्षांत कोणी मला —

एकदाच. फक्त एकदा ओ