छत्रीचे अकरा तुकडे

३ तारीख, सोमवार
वही आणून सात आठवडे झाले. पहिल्या पानावर कपाचा गोल डाग, बाकी कोरी. आळस नव्हे, पेन सापडत नव्हतं. पण आता लिहिणं भाग आहे. सूड घ्यायचा तर रेकॉर्ड पाहिजे.

शत्रू म्हणजे फिश टँकवाल्या दुकानाचा मालक. त्याच्याकडे मी एकोणीस दिवस कामाला होतो. त्यातले चार दिवस सायकलवरून समुद्र बघायला गेलो होतो, पण तो अभ्यास झाला. शनिवारी भर गिऱ्हाइकांत म्हणाला, बाबा रे, तू स्वतः पाच मिनिटं एका जागी टिकत नाहीस, तू कोरल काय टिकवणार. सोमवारपासून येऊ नकोस.

बघून घेईन.

४ तारीख, सकाळी ११
प्लॅन तयार. ताईच्या हॉलमध्ये भावजींची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्यात छत्री. ताटाएवढं सॉफ्ट कोरल, म्हणजे छत्रीच्या आकाराचं मऊ, जिवंत प्रवाळ, सहा वर्षं वाढवलेलं. ताई म्हणते, सकाळी उठले की आधी तिला बघतात, मग मला. भावजी कामासाठी बाहेरगावी, एकोणतीसला परत. जाताना म्हणाले, माशांना खाणं घाल, पाणी कमी झालं की भर, बाकी हात लावायचा नाही. ताई म्हणाली, एवढं नीट केलंस तर राहा इथे. नाहीतर काकांच्या गोदामात खोकी मोजायला जा.

तर छत्री कापायची. तुकडे खड्यांवर चिकटवायचे. एकेका तुकड्याची नवी छत्री. सहा महिन्यांत घराघरांत माझी कोरल, शत्रूच्या दुकानाला टाळं. टाळं मीच देईन, भेट म्हणून.

६ तारीख
कालचा दिवस कंपनीचं नाव ठरवण्यात गेला. आज कापली. वरचा सगळा घेर. बारा तुकडे, एकावर पाय पडला, अकरा. टाकीत नुसता बोडका देठ उभा. ताईला सांगितलं, कोरल झोपलंय. ती म्हणाली, डोकं काढून ठेवून?

कापलं की त्याला बुळबुळीत चिकटा सुटतो. सुपरग्लू कोरलला धरेना, माझ्या बोटांना धरला. पेन दोन बोटांत पक्कं बसलंय. म्हणून आज अक्षर बरं आहे.

८ तारीख
अकरापैकी नऊ तुकडे टाकीभर फिरतायत. शत्रूची पद्धत मला माहीत आहे. ग्लू लावायचाच नाही. तुकडे खड्यांबरोबर डब्यात ठेवायचे, वर जाळी, पाणी संथ, आणि दोन आठवडे हात लावायचा नाही. कोरल आपणहून खडा धरतं. पण शत्रूवर सूड शत्रूच्याच पद्धतीने? स्वाभिमान नावाची चीज आहे की नाही. दोऱ्याने बांधले.

९ तारीख
दोरा आत रुतून तुकड्यांचे तुकडे झाले. आता अठरा. प्रॉडक्शन वाढतंय.

१२ तारीख
माउथऑर्गन सापडला, त्यात दोन दिवस गेले. आता टूथपिक खुपसून बघतोय. दर अर्ध्या तासाने उचलून तपासतो, चिकटलं का. अजून नाही. कोरलला जिद्दच नाही.

१३ तारीख, दुपारी
पाणी दुधासारखं. वास. मासे वर येऊन तोंडं उघडतायत. पंप घरघरत होता, उघडला तर आत माझा माल. पाणी साफ करायला कार्बन लागतो, आणि तो मिळतो शत्रूकडेच. मी त्याची पायरी चढणार नाही. ताईला पाठवलं. बजावलं, आपलं नातं कळता कामा नये, वेगळं आडनाव सांग. ती म्हणाली, माझं आडनाव वेगळंच आहे, लग्न झालंय माझं.

दोन तासांनी आली. कार्बन आणला, वर खडे फुकट. काय म्हणाला विचारलं तर म्हणाली, तुझ्याबद्दल बरंच. आणि आजपासून टाकीपाशी फिरकायचं नाही. मीही तेच ठरवत होतो.

२७ तारीख
विजय. पाणी काचेसारखं. देठाला कडेने नवी झालर फुटतेय. टाकीखाली, फिल्टरच्या पेटीत, दह्याचा डबा दिसला, त्यावर संत्र्याच्या पिशवीची जाळी. आत सात खडे, सात तुकडे. ओढून बघितले, सुटेनात. ताई ओरडली, चौदा दिवस मी श्वास रोखून बसले आणि तू ओढतोस? तिला वाटतं तिने केलं. माझा ग्लू उशिरा लागला, एवढंच. वाद घातला नाही. बाजारात जाऊन शत्रूसाठी टाळं आणलं. पितळेचं, जड.

२८ तारीख, संध्याकाळी ५
भावजी उद्या येणार. ताईने फोनवर त्यांना सगळं सांगितलंय, फोटोसकट. मग काकांना फोन. माझी बॅग माळ्यावरून खाली आली आहे. मी अजून काही ठरवलेलं नाही, पण बॅगेची चेन तुटली होती म्हणून तिला ते टाळं लावून बघितलं. फिट्ट बसलं.

आत्ता बेल वाजली. दारात शत्रू. शरण आला म्हणून मी छाती काढून उभा राहिलो. माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, अरे, तू इथे असतोस? ताई आहेत का? सोमवारपासून दुकानात येतायत ना, किल्ली द्यायला आलोय.