माझी बॅटरी, त्याचा इन्व्हर्टर

५ ऑक्टोबर २००७, दुपार
आजपासून रोजनिशी लॅपटॉपवर. फिजिक्सच्या प्रश्नांच्याच फोल्डरमध्ये. पासवर्ड नाही. सुकन्या कॉम्प्युटरला हात लावत नाही, आणि दुसरं वाचणार कोण?
संकल्प: रोज चाळीस प्रश्न टाइप करणे. पहाटे उठणे. साडूचा विचार न करणे.
साडूने इन्व्हर्टर घेतला. लातुरात आमची लाइट अर्धा दिवस नसते हे माहीत असून मुद्दाम नांदेडहून फोन करून सांगितलं. यापुढे इथे त्याचं नाव मल्लिकार्जुन नाही. इन्व्हर्टर. पोटही तसंच आहे, चौकोनी.

९ ऑक्टोबर
तिसरा संकल्प मोडला. कारण वाजवी. तिकडे नांदेडात त्याच्या कॉम्प्युटर क्लासच्या फ्लेक्सवर इन्व्हर्टरचा फोटो लागला. मेव्हणी नीलम्माने सुकन्याला सांगितलं, सुकन्याने मला दोनदा सांगितलं. फोटोत पोट दिसत नाही म्हणे.
असू दे. लातुरातल्या सगळ्यात मोठ्या क्लासचे अमृतराव फिजिक्सचा मास्तर शोधतायत. माझ्याकडे दोन वर्षं खपून जमवलेले अडीच हजार प्रश्न आहेत. ते दाखवले की नोकरी पक्की. चौकात फ्लेक्स. लातूरचा फ्लेक्स नांदेडपेक्षा मोठा असतो.

१४ ऑक्टोबर
मासिकासोबत फुकट आलेल्या सीडीवरची नवी ऑपरेटिंग सिस्टिम लॅपटॉपवर टाकली. लाइट गेली की आपोआप वीज वाचवते. मी एकही सेटिंग बदलली नाही, पण निवड माझीच ना. बॅटरी चांगली पंधरा-वीस मिनिटं जास्त चालली. लगेच इन्व्हर्टरला फोन करून विचारलं, कशाला एवढे पैसे घातलेत? तो म्हणाला, वा वा. जळला.

२२ ऑक्टोबर
सुकन्या म्हणते, तुमच्या डब्यात टिकटिक वाजून राहिलंय. भूकंपात तिच्या मामाचं घर गेलं, तेव्हापासून तिला सुई पडली तरी ऐकू येते. समजावलं, काम नसलं की हार्ड डिस्क विश्रांती घेते, टिक. काम आलं की उठते, टिक. याला शिस्त म्हणतात. ती म्हणाली, दिवसभर उठबस केल्यावर गुडघे जात न्हाईत का? आर्ट्सची आहे. सोडून दिलं.

३० ऑक्टोबर
सुकन्याने परस्पर तिच्या दाजींना, म्हणजे इन्व्हर्टरलाच, टिकटिक सांगितली. त्याचा मला फोन. संगमेशराव, हे चांगलं न्हाई. त्या सिस्टिमची सेटिंगच तशी येती. वीज वाचवायला दर चार-सहा सेकंदाला डिस्कचं डोकं बाजूला नेऊन ठेवती, परत आणती. झिजून जाती लवकर. एक ओळ सांगतो, टाइप करा, थांबतंय. आन् आधी कॉपी काढून ठेवा.
कॉपी! आलं ध्यानात. माझे प्रश्न हवेत त्याला. त्याने ओळ सांगितली, मी हं हं म्हणालो. हातात पेनही नव्हता.

६ नोव्हेंबर
टिकटिक आता शेजारच्या खोलीत ऐकू येते. काल स्क्रीन गोठली. थोपटलं, सुरू झाली. म्हणजे मशीन दणकट आहे.
कॉपी काढावी का? पण पेनड्राइव्ह आणला की सुकन्या म्हणणार, ऐकलं ना दाजींचं. नको.

१७ नोव्हेंबर, सकाळ
उद्या अमृतरावांकडे बोलावलंय. निळा शर्ट इस्त्री करून घेतला. फ्लेक्सवर निळा उठून दिसतो. आत्ता फोटो काढायला निघालोय.
इन्व्हर्टर आणि नीलम्मा नेमके आजच जेवायला येणार म्हणे. लॅपटॉप कपाटात, साड्यांच्या खाली ठेवतोय. किल्ली सुकन्याकडे. बजावलंय, त्याची नजर पडू देऊ नको.

१८ नोव्हेंबर, वहीत
अमृतरावांच्या केबिनमध्ये लॅपटॉप उघडला. टिक. टिक. मग खर्र. मग काहीच नाही. काळ्या स्क्रीनमध्ये माझा निळा शर्ट दिसत होता. अमृतराव म्हणाले, चहा घ्या सर. घेतला. दुरुस्तीवाल्याने डिस्क कानाला लावली आणि मान हलवली. दोन वर्षं गेली. ऑटोत रडलो. ऑटोवाल्याला सर्दी सांगितली.
घरी सुकन्या म्हणाली, अवो, रडू नका. काल मीच कपाट उघडून दिलं. दाजींनी तो अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलाय.
तिला मिठी मारणार होतो. मग आठवलं, त्या फोल्डरमध्ये आणखी काय होतं.
तेवढ्यात फोन वाजला. हॅलो, संगमेशराव? इन्व्हर्टर बोलून राहिलोय. प्रश्न सगळे नीट हायेत. अमृतरावांची ओळख हाय, त्यांच्याकडनंच डिस्क गेल्याचं कळलं; बोललो मी, परवा पुन्हा या म्हणाले. उद्या पहिल्या गाडीनं पेनड्राइव्ह घेऊन येतो.
मी फक्त तिकडे लाइट आहे का, विचारलं.
न्हाई, म्हणाले. पण आमचं चालून राहिलंय.
उद्या मल्लिकार्जुनरावांना घ्यायला स्टँडवर जायचंय. कोणत्या तोंडाने, ते अजून ठरलेलं नाही.